वरुडातलं मोटर वाइंडिंगचं दुकान: हात पुण्याचा, दर वरुडाचा

कामाला पाचपैकी साडेचार तारे, वेळेला दोन. घाईत असाल तर एवढं वाचून मोटर गाडीत टाका आणि निघा. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते (वाइंडिंग म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं भरणं), कारण या दुकानात मोटरीसोबत मजुरीचं गणितही उलगडलं, आणि गावागावातून पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसणाऱ्या पोरांच्या आईबापांना ते कामाचं आहे.

दुकानाचं नाव देत नाही. मिस्त्रीनंच सांगितलं, "नाव लिवू नका ताई, उन्हाळ्यात आहे तेच काम निपटत नाई." पांढुर्णा रोडनं जाताना भंगारवाल्याच्या शेजारी टिनाचं शेड आहे, बाहेर चिखलानं माखलेल्या सबमर्सिबल, म्हणजे बोअरमध्ये सोडायच्या मोटरी, भिंतीला टेकून उभ्या असतात. पाटी नाही. विचारलं की कोणीही सांगतं.

आमची पाच एकर संत्र्याची बाग आहे. वरुड तालुका भूजलवाल्यांच्या लेखी अतिशोषित, आपल्या तोंडी डार्क झोन. विहिरी केव्हाच बसल्या, बोअर आठशे-नऊशे फुटांवर गेले. तेवढ्या खाली साडेसात एचपीची मोटर जळली की वाइंडिंगचा खर्च परवडला असं वाटतं, कारण मोटर काढणारी टोळी पाईपमागे पैसे घेते, काढायचे वेगळे आणि सोडायचे वेगळे. म्हणून वाइंडिंग दोन हजारानं स्वस्त मिळालं याला काही अर्थ नसतो. ते टिकलं पाहिजे. आंबिया बहराची फळं झाडावर असताना मे महिन्यात पाणी तुटलं तर गळ लागते, आणि गळलेल्या फळाचे पैसे कोणी देत नाही.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी भरून घेतलं होतं. ते त्याच हंगामात पुन्हा जळलं. तिथं कारण विचारलं तर उत्तर मिळालं, "लाईनच खराब आहे, काय करता?" लाईन खराब आहे हे आम्हालाही माहीत होतं, त्यासाठी मिस्त्रीची गरज नव्हती.

या मिस्त्रीनं स्टेटर, म्हणजे मोटरीचा तार भरलेला स्थिर भाग, उघडून आधी मला जवळ बोलावलं. बॅटरी आत मारली. काळपट, वितळलेल्या पीव्हीसीचा वास येत होता. "हे पाहा. दोन फेजच्या कॉइला जयल्या, तिसरी कशी कोरी हाय. पुरी मोटर गरम होऊन जयली असती तं तिन्ही सारख्या काया पडल्या असत्या. वरतून एक फेज गेला आन् तुमचा पॅनल झोपून राह्यला." मग त्यानं जळलेल्या तारेचा एक तुकडा सोलला, गेज लावून मापला आणि स्वतःच्या वहीतला आकडा दाखवला. या मोटरीला कंपनीनं जी तार दिलेली असते, तिच्यापेक्षा ही एक गेज बारीक होती. बारीक तार म्हणजे तांबं कमी, रोध जास्त, त्यामुळे तार तापतेही जास्त. म्हणजे दोन रोग होते. आधीच्या दुकानात तारेवर पैसे वाचवले होते, आणि फेज गेल्यावर मोटर बंद करणारं आमच्या पॅनलमधलं यंत्र, प्रिव्हेंटर, बिघडलेलं होतं. नुसतं वाइंडिंग भरून दिलं असतं तर मोटर तिसऱ्यांदा जळली असती.

ती वही हे या दुकानाचं खरं भांडवल आहे. शंभरपानी, वार्निशच्या बोटांनी पिवळी पडलेली. कोणत्या कंपनीच्या कोणत्या मोटरीला तार भरायचे किती स्लॉट, म्हणजे खाचे, एका कॉइलला किती आटे, कोणत्या गेजची तार, कोणत्या स्लॉटातून निघून कोणत्यात शिरायचं. तारेला ओढून-ओढून स्लॉटात भरायचं काम इथं तीन-चार जण करतात. ती वही वाचणारा आणि तिच्यात नवीन पान लिहिणारा मात्र एकच.

भरून झाल्यावर मोटर दुकानामागच्या सिमेंटच्या टाकीत बुडवून ठेवतो, दुसऱ्या दिवशी तारेचं आवरण कुठं फुटलंय का ते बघायला मेगर लावतो, मग चालू करून टाँग टेस्टरनं तिन्ही फेजचा करंट मोजतो. आकडे पाटीवर नाही, कागदावर लिहून देतो. माझ्या चिठ्ठीवर तिन्ही जवळजवळ सारखे होते. तो कागद मी पॅनलच्या दाराला आतून चिकटवलाय. आणखी एक गोष्ट, जी मी दुसरीकडे पाहिली नव्हती. जळलेलं तांबं तो आपल्यासमोर तोलतो आणि भंगाराच्या भावानं बिलातून कापून देतो. बाकी ठिकाणी ते तांबं कुठं जातं हे आपण विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. वाइंडिंग, बुश, सील आणि पॅनलमधला प्रिव्हेंटर धरून, तांबं वजा जाता, आम्हाला आठ हजाराच्या थोडं वर पडलं. आधीच्या दुकानापेक्षा जास्त. महाग म्हणणार नाही.

आता मजुरीचं.

मी अमरावती विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केलं, त्यानंतर त्या पदवीचा उपयोग बहुतेक करून पीककर्जाचे फॉर्म भरण्यातच झाला. त्यामुळे टाकी भरेपर्यंत बाकावर बसून मी मिस्त्रीला त्याचे पगार विचारले. त्यानंही न लाजता सांगितले. आयटीआय इलेक्ट्रिशियन करून वरुडातच एका दुकानात लागला तेव्हा महिन्याला नऊ हजार. नागपुरात हिंगण्याच्या एमआयडीसीत गेला, सोळा. तिथून पुण्याला भोसरीत मोठ्या मोटरींच्या वर्कशॉपमध्ये लागला, अठरावर. ते सोडलं तेव्हा अडतीस होते.

या उतरंडीवर गावांचे आकार ठेवून बघा. २०११ च्या जनगणनेत वरुड पन्नास हजारांचं, अमरावती साडेसहा लाखांचं, नागपूर चोवीस लाखांचं, पुणे एकतीस लाखांचं आणि त्याला चिकटून पिंपरी-चिंचवड आणखी सतरा लाखांचं. गाव मोठं झालं की पगार वाढला, इथवर कोणालाही दिसतं. पण नागपुरातून पुण्यात जाताना उडी फक्त दोन हजारांची होती. पुण्यात बसल्या जागी अठराचे अडतीस झाले, ते खरं बघण्यासारखं आहे. मी विचारलं, काऊन वाढवले त्यांनी? तो म्हणाला, "तिथं मले एकच काम होतं. पहिले खराब मोटर खोलून सांगायचं का कायनं मेली. दिवसभर तेच. इथं वर्षात दिसन तेवढ्या जयालेल्या मोटरी तिथं महिन्यात दिसे. वरतून एक म्हातारा मिस्त्री होता, तो चुकलो का शिव्या दे." पैसे देणारा एक कारखाना नाराज झाला तर शेजारी दुसरा होता, तेही त्याला माहीत होतं आणि मालकालाही.

स्पेनमधल्या कामगारांच्या नोंदींवर दोन अर्थतज्ज्ञांनी केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मला इथं आठवला. माद्रिद-बार्सिलोनासारख्या मोठ्या शहरात गेलेल्याचा पगार गेल्या-गेल्या थोडा वाढतो, पण मोठा फायदा नंतर साचत जातो, कारण तिथल्या एका वर्षाच्या अनुभवाला छोट्या गावातल्या एका वर्षापेक्षा जास्त किंमत येते. ज्याच्या अंगात मुळात जास्त आहे त्याला हा फायदाही जास्त. आणि तो माणूस लहान गावी परतला तरी तो अनुभव त्याच्याबरोबर येतो. आमच्या मिस्त्रीची वही हा त्याचा पुरावा टाकीशेजारी पडलेला होता.

आता त्याच शेडमधला हेल्पर घ्या. विशीचा पोट्टा, तार ओढतो, मोटर उचलतो, चहा आणतो. इथं त्याला दहा हजार. त्याचा मामेभाऊ पुण्याजवळ चाकणला हेल्परच आहे, त्याला पंधरा. ऐकायला दीडपट. पण चाकणच्या खोलीत चौघांत राहून तीन हजार जातात, खानावळीचे साडेतीन, उरतात साडेआठ. इथं पोट्टा घरी जेवतो आणि आईच्या हातात काहीतरी ठेवतो. मिस्त्रीचं मात्र तसं नव्हतं, बायकापोरांसह खोली घेऊनही पुण्यात त्याच्या हातात इथल्यापेक्षा जास्त उरत होतं. म्हणजे मोठं शहर सगळ्यांना एका मापानं देत नाही. हातांना थोडं देतं आणि ते भाड्यात परत काढून घेतं, पारखता येणाऱ्या डोक्याला भरभरून देतं. अमेरिकेतही हेच दिसलंय. १९८० च्या आसपास तिथं कॉलेज न शिकलेल्या कामगारालाही मोठ्या शहरात चांगला जास्त पगार मिळायचा, पुढच्या काही दशकांत तो फायदा आटत गेला, शिकलेल्यांचा टिकला.

सरकारी दरपत्रकाला हे कळत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनासाठी परिमंडळं पाडलीत, मोठी शहरं वरच्यात, आपल्यासारखा मुलूख खालच्यात, आणि प्रत्येकात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने. म्हणजे गाव मोठं तर मजुरी जास्त आणि हुनर जास्त तर मजुरी जास्त, दोन्ही कबूल. पण दुकाने-आस्थापनांच्या तक्त्यात कुशल आणि अकुशल यांच्यातलं अंतर सगळ्या परिमंडळांत जवळपास सारखंच ठेवलंय. बाजारात ते अंतर शहराबरोबर फुगत जातं. वरुडात मिस्त्रीला हेल्परच्या दुप्पटही मिळत नाही, पुण्यात अडीचपट मिळत होतं. रोजगार हमीचं तर विचारूच नका, २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, मेळघाटात तोच आणि नाशकात तोच.

हेल्परनं माझ्यासमोरच विषय काढला, दिवाळीनंतर चाकणला जायचं म्हणतो. मिस्त्रीनं मान वर न करता सांगितलं, "आत्ता जाशीन तं झाडू मारशीन. वही लिवता येऊ दे, मंग जाय. मीच फोन करून देईन." पोट्टा हसला. ऐकेल असं काही दिसलं नाही. वीस वर्षांच्या पोराला साडेआठ आणि दहाचा हिशेब सांगून उपयोग नसतो, त्याला गावातून निघायचं असतं. आणि तिथं जाऊन तोही कोणा म्हाताऱ्याच्या हाताखाली पडला तर? तेही होऊ शकतं. फक्त चाकणच्या कारखान्यात ठेकेदाराकडच्या हेल्परला मोटर उघडून दाखवणारा म्हातारा सहसा भेटत नाही. तिथं दिवसभर एकच नट आवळायचा असतो.

मग मिस्त्री परत का आला? घरची वाटणी झाली, दोन एकर आणि रस्त्यालगतचा प्लॉट वाट्याला आला, एवढंच त्यानं सांगितलं. उत्पन्न कमी झालं का, यावर म्हणाला, "तिथं पगार होता, इथं उधारी हाय." धंदा मार्च ते जून आटोपशीर चार महिन्यांचा. पावसाळा लागला की मोटरींचं काम आटतं आणि मग हाच माणूस कुलरचे पंप, पंखे, पिठाच्या गिरणीची मोटर, मिक्सर, येईल ते करतो. ॲडम स्मिथनं १७७६ सालीच लिहून ठेवलंय की डोंगरातल्या एकट्यादुकट्या वस्तीत शेतकऱ्यालाच स्वतःचा खाटीक आणि स्वतःचा भटारी व्हावं लागतं, कारण एका कामावर पोट भरेल एवढं गिऱ्हाईक तिथं नसतं. पुण्यात मोटरीचं मरण ओळखणारा माणूस श्रावणात वरुडात मिक्सरचं भांडं घासत बसलेला असतो. त्याच्या हुनराचे आठ महिने वाया जातात, त्याचेही आणि आपलेही.

तरी वरुड पन्नास हजारांचं म्हणून लहान, हेही पूर्ण खरं नाही. माणसं मोजली तर लहान. जळालेल्या सबमर्सिबल मोजल्या तर हे मोठं शहर आहे. एवढ्या खोल बोअरांवर एवढ्या मोटरी, वर कधी दिवसा तर कधी रात्री येणारी शेतीची लाईन, कमी दाब, विजा. जिथं डार्क झोन नाही अशा याच आकाराच्या गावात हा मिस्त्री चार महिनेही तगला नसता. धंद्यासाठी गावाचा आकार त्या-त्या कामाच्या गिऱ्हाइकावर मोजायचा असतो, जनगणनेच्या तक्त्यावर नाही.

याचं दुसरं टोक आमच्या शेजारीच आहे. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांमध्ये जंभेरीच्या रोपावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरणारे, म्हणजे कलम करणारे, कारागीर आहेत. चाकूनं सालीला खाप मारायची, डोळा सरकवायचा, पट्टी गुंडाळायची, पुढचं रोप. पैसे रोपांवर, आणि ज्याचे डोळे फुटतात त्याला मालक घरून न्यायला येतो. हंगामात यांची रोजची कमाई भल्याभल्यांना लाजवते. हाच माणूस उद्या पुण्याला गेला तर हेल्परच्या रांगेत उभा राहील, तिथं त्याच्या बोटांना कोण विचारतं? हुनर तेवढंच, बोटं तीच, पण एकतीस लाखांच्या शहरात त्याला गिऱ्हाईक नाही आणि शेंदूरजन्यात आहे. शहर मोठं असलं की सगळ्याच कुशल लोकांचं भलं होतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा कलमांच्या हंगामात इकडं यावं.

बायकांचं मात्र कुठंच बसत नाही. संत्र्याची छाटणी-निवड करताना डागी फळ, कोळशी लागलेलं, आतून पोचट, हे हातात घेताच ओळखणाऱ्या बाया आमच्याकडे आहेत. ही पारखच आहे, मिस्त्रीच्या बॅटरीइतकीच. पण मजुरीच्या वेळी ती "बायांचं काम" होते आणि पुरुषापेक्षा कमी रोजावर जाते, वरुडात काय आणि नागपुरात काय. त्यांच्यापैकी एकीनं मला विचारलं होतं, मोटरीच्या दुकानात बाया काऊन नाई ठेवत? तार भरायला बारीक बोटंच लागतात. मी मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, गिऱ्हाईक काय म्हणतील. गिऱ्हाईक मीच होते.

आता तक्रारी, कारण तारे कापलेत ते उगीच नाही. एप्रिल-मे मध्ये नंबर लागतो आणि तो नंबर कुठंही लिहिलेला नसतो. ओळखीचा आला की त्याची मोटर पुढं सरकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. फोन उचलत नाही. "उद्या या" म्हणजे उद्या नव्हे. पक्कं बिल मिळत नाही, गॅरंटी तोंडी आहे, म्हणजे वादाचा प्रसंग आला तर करंटचे आकडे लिहिलेली ती चिठ्ठी एवढाच कागद तुमच्याकडे. शेतावर येत नाही, मोटर काढून आणून द्यावी लागते. ज्या माणसाकडे आटे मोजायची एवढी शिस्तशीर वही आहे त्यानं दुसरी दहा रुपयांची वही गिऱ्हाइकांच्या नंबरासाठी ठेवायला काय हरकत आहे, मला कळलेलं नाही. पुण्याच्या वर्कशॉपमध्ये हे काम बहुधा दुसरं कोणी करत असावं.

जाणार असाल तर पॅनलचा फोटो काढून न्या, केबल किती चौरस मिलिमीटरची आहे ते बघून जा आणि शक्य असेल तर मोटर मार्च लागायच्या आत दाखवा, तेव्हा तो निवांत बोलतो. मोटर जळायची वाट बघू नका, नुसता करंट मोजायलाही तो शंभर-दीडशेच घेतो. बहराची फळं तोडून झाल्यावर पैसे दिले तरी चालतात, पण ते आधी बोलून घ्या. मिक्सर मात्र त्याच्याकडे टाकू नका, आमचा दिवाळीपासून तिथंच पडलाय.